पिकअपच्या टाकीचं झाकण बदललं : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे. गाडी मात्र नेहमीसारखी चालते. ओढ कमी झालेली नाही, आवाज बदललेला नाही, थंड इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होतं. जाणवण्यासारखी एकच गोष्ट आहे : उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीकडच्या बाजूने गेलं की पेट्रोलचा वास येतो. हा वास दिवा लागायच्या आधीपासून आहे.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. कोड निघाला पी०४४२. याचा अर्थ टाकीची वाफ सांभाळणाऱ्या यंत्रणेत कुठेतरी लहानशी गळती आहे. लहान म्हणजे साधारण १ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून होईल इतकी. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाइतक्या गळतीसाठी पी०४५६ हा वेगळा कोड आहे, मोठ्या गळतीसाठी पी०४५५ आणि झाकण सैल किंवा उघडं असल्याचा संशय असेल तर पी०४५७.

इतकं बारीक भोक गाडीला कळतं कसं, हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ बाहेर सोडत नाहीत. ती एका नळीने कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथे कोळशाला चिकटून राहते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. तपासणीच्या वेळी संगणक कॅनिस्टरची हवा घेण्याची वाट बंद करतो, इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडा निर्वात तयार करतो, मग पर्ज व्हॉल्व्हही बंद करून टाकीतल्या दाबाच्या सेन्सरकडे बघत बसतो. निर्वात टिकला तर सगळं बंदिस्त आहे. पटकन ओसरला तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. किती वेगाने ओसरला यावरून भोकाचा अंदाज येतो.

या सगळ्या साखळीत रोज हाताळला जाणारा भाग एकच आहे, तो म्हणजे झाकण. म्हणून सुरुवात तिथूनच.

कोड पुसलेला नाही. पुसला की दिवा जातो, पण दिवा लागला त्या क्षणीच्या नोंदीही जातात आणि गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या सगळ्या परत कोऱ्या होतात. दोष तिथल्या तिथेच राहतो.

७ फेब्रुवारी

सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, मोकळ्या जागेत तपासणी केली. बंद शेडमध्ये टाकी उघडायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खळग्यात साठून राहते. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ देतं, त्यामुळे थंड सकाळ आहे म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. झाकणाला हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली.

झाकण उघडताना कान दिला. हलकासा फुस्स आवाज आला. थोडा आवाज येणं चांगलं, टाकी काही प्रमाणात तरी दाब धरते आहे. अजिबात आवाज नसता तर गळती जास्त आहे असं धरलं असतं. हवा जोरात आत ओढली गेली असती तर उलटी शंका : कॅनिस्टरची हवेची वाट कचऱ्याने तुंबली असेल, आणि त्यात झाकणाचा दोष नसेल.

मग झाकण हातात घेऊन बघितलं. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालचं रबरी कडं, बाहेरून काळं, गुळगुळीत, पण कडेने दाबलं की पूर्वीसारखं परत उसळत नाही. तोंडाच्या कडेवर बसून बसून त्याच्यावर सपाट पट्टा पडला आहे. बोटांनी वाकवल्यावर एका बाजूला बारीक भेगा उघडल्या. न वाकवता नुसतं बघितलं तर त्या दिसतच नाहीत. झाकणाला जोडलेला पट्टा, जो झाकण खाली पडू देत नाही, तो कडक होऊन मध्ये चिरलेला.

गाडी जास्त करून धाकटा भाऊ चालवतो. तो म्हणाला, "दादा, क्लिक तर होतंय की. मग सैल कसं असेल?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर शोधण्यात बराच वेळ गेला. क्लिकचा आवाज करणारं रॅचेट हे झाकणाच्या वरच्या मुठीत असतं. ठरावीक जोरापर्यंत मूठ आतल्या भागाला फिरवते, त्यापुढे दात सरकतात आणि टकटक आवाज येतो. हेतू हा की कुणी कितीही जोर लावला तरी गॅस्केट चिरडलं जाऊ नये. पण दात झिजले की रॅचेट लवकर सुटतं. आवाज तोच येतो, झाकण मात्र पूर्ण आवळलेलंच नसतं. आमच्या झाकणाला क्लिकनंतर हलवून बघितलं तर ते मुठीसकट किंचित डुलत होतं. म्हणजे क्लिकवर भरवसा ठेवण्याची वेळ गेली.

आता मुख्य शंका. गॅस्केट बसतं ते पेट्रोल भरायच्या नळीच्या तोंडाच्या कडेवर. कडच खराब असेल तर नवं झाकण आणूनही वास तसाच राहील. दोघांपैकी दोष कुणात आहे ते वेगळं काढायला हवं. इथे झाकण फिरवून बसतं ही गोष्ट उपयोगी पडली. नळीच्या कडेवर मार्कर पेनने सगळीकडे शाई लावली, ती वाळू दिली, झाकण घट्ट केलं आणि परत उघडलं. गॅस्केट कडेवरून घासत फिरतं, त्यामुळे कड जिथे उंच आहे तिथली शाई निघते. कड जिथे खोल गेली आहे तिथे गॅस्केटचा कोणताही भाग पोचत नाही, तिथे शाई तशीच राहते. उलट बाजूने तेच : गॅस्केटवर खडूचा अगदी पातळ थर दिला, तर गॅस्केट जिथे बसकं झालं आहे तिथला खडू शिल्लक राहतो.

दोन्हीकडे खूण मिळाली. गॅस्केटवर भेगांच्या बाजूला खडू राहिला. आणि नळीच्या कडेवर, खालच्या बाजूला, नखाएवढ्या लांबीत शाई शाबूत. टॉर्च मारून बघितलं तर तिथे गंजाने खड्डे पाडलेले.

खालच्याच बाजूला का, तेही लगेच दिसलं. पिकअपमध्ये पेट्रोल भरायचं तोंड हौद्याच्या अंगाला, मागच्या चाकाजवळ असतं. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी तोंडावरच्या बाहेरच्या झडपेच्या फटीतून आत येतं. तोंडाभोवतीच्या वाटीला पाणी निघून जायला तळाशी एक भोक असतं. ते मातीने ठार बुजलेलं होतं. साचलेलं पाणी कडेच्या खालच्या अंगाला भिजवत राहिलं.

खडू आणि शाई पूर्ण पुसून जुनं झाकण परत लावलं. काम होईपर्यंत टाकी काठोकाठ भरायची नाही, गाडी सावलीत आणि उघड्यावर ठेवायची, असं ठरलं. झाकणाखाली चिंधी किंवा प्लॅस्टिकची पिशवी कोंबायचा उपाय पुष्कळ जण करतात. तो करणार नाही. चिंधी पेट्रोल शोषून बाहेर आणते, वातीसारखी. आणि कोंबलेल्या वस्तूमुळे गॅस्केट कडेवर बसतच नाही.

८ फेब्रुवारी

झाकण कोणतं घ्यायचं यावर आज बसलो. दिसायला सगळी सारखीच, आणि तिथेच फसगत होते.

सर्वात आधी व्हेंट, म्हणजे झाकणातली हवेची वाट. हे झाकण निव्वळ झाकत नाही, त्याच्या पोटात दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. टाकीत दाब प्रमाणाबाहेर वाढला तर एक उघडून तो सोडतो, निर्वात प्रमाणाबाहेर वाढला तर दुसरा उघडून हवा आत घेतो. एरवी दोन्ही बंद. कोळशाच्या डब्याची यंत्रणा येण्याआधीच्या जुन्या गाड्यांत टाकीला श्वास घ्यायला झाकणातलं भोक हीच वाट असायची, म्हणून त्यांची झाकणं उघड्या व्हेंटची. तसलं झाकण आमच्या गाडीला लावलं तर ते आट्यात छान बसेल आणि गळतीचा कोड कायमचा लागेल. उलट, व्हेंटच्या झाकणाची गरज असलेल्या जुन्या टाकीला पूर्ण बंद झाकण लावलं तर पेट्रोल संपत जाईल तसा निर्वात वाढतो, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडते. पातळ पत्र्याची टाकी आत चेपल्याचीही उदाहरणं आहेत.

दुसरी गोष्ट आटे. काही झाकणं पूर्ण आट्यांची, काही पाव फेऱ्यात अडकणारी. व्यास सारखा असूनही आट्यांचं अंतर वेगळं असू शकतं. जवळपासचं झाकण सुरुवातीला धरतं, मग तिरकं अडकतं, आणि जोर केला की नळीचेच आटे खराब होतात. नळी बदलणं हे झाकण बदलण्याच्या मानाने फार मोठं काम आहे.

तिसरी गोष्ट गॅस्केटचं रबर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर साधं रबर फुगतं, नंतर आकसून कडक होतं. फ्लुओरोकार्बन जातीचं रबर इथेनॉल आणि उष्णता दोन्ही चांगलं सोसतं. वेष्टनावर इथेनॉलमिश्रित इंधन चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्यायचं.

कुलपाचं झाकण घ्यावं का, हा भावाचा आग्रह. गाडी रात्री रस्त्यावर राहते तिथे कुलूप उपयोगाचं आहे, हे मान्य. पण कुलपाच्या झाकणाची मूठ बहुधा उंच असते, बाहेरची झडप पूर्ण मिटत नाही, आणि किल्लीच्या भोकात चिखल जातो. आमच्या गाडीची बाहेरची झडप आतून खटक्याने उघडते, म्हणजे एक अडसर आधीच आहे. साधंच घ्यायचं ठरलं.

फक्त गॅस्केट बदलून भागेल का याचाही विचार केला. रॅचेट ठीक असतं तर भागलं असतं. इथे रॅचेटच झिजलेलं आहे. गाडीच्या पुस्तिकेतून आणि चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि त्याच नंबरचं पूर्ण झाकण मागवलं.

१४ फेब्रुवारी

झाकण आलं. लावण्याआधी जुनं आणि नवं शेजारी ठेवून मिळवून बघितलं : आटे किती आणि कुठून सुरू होतात, गॅस्केटची जागा आट्यांपासून किती वर, पट्ट्याच्या टोकाची खुंटी केवढी. सगळं जुळलं. नवं गॅस्केट बोटाने दाबलं की लगेच उसळतं. तो फरक हाताला कळला तेव्हा जुनं किती दमलं होतं ते खरं समजलं.

१५ फेब्रुवारी

आज काम केलं. टाकी निम्म्याच्या आसपास. इंजिन थंड, किल्ली काढलेली, जवळपास ज्योत किंवा ठिणगी काही नाही.

पहिलं काम सफाई, आणि ती जुनं झाकण लावलेलंच ठेवून. वाटीतली वाळलेली माती मऊ ब्रशने सैल केली आणि ओल्या फडक्याने टिपून घेतली. हवेचा झोत मारला नाही, तो कचरा फटीत ढकलतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर इथे मुळीच आणायचा नाही. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात आणि तो थेट वाफ ओढतो. तळाचं भोक नायलॉनच्या जाड दोऱ्याने मोकळं केलं. वाटीत थोडं पाणी ओतल्यावर ते खाली टपकताना दिसलं, तेव्हाच पुढे गेलो.

मग झाकण काढलं. नळीच्या तोंडात, कडेपासून थोडं आत, धागे न सुटणाऱ्या कापडाचा बोळा बसवला. बोळ्याला दोरी बांधून ती झडपेच्या बिजागरीला अडकवली, म्हणजे तो नळीत उतरला तरी हातातून जाणार नाही. गंजाचा एक कण टाकीत गेला तर तो पंपाच्या जाळीपाशी जाऊन बसेल, म्हणून ही काळजी.

गंज काढायला बारीक पॉलिश पेपर, हातानेच. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश वापरला असता तर काम लवकर झालं असतं, पण पोलाद घासताना ठिणगी उडते आणि इथे समोर पेट्रोलची नळी आहे. पेपर कडेच्या गोलाईला धरून, कडेच्याच दिशेने फिरवला. आडवा घासला तर आडव्या ओरखड्यांतून वाफेला वाट मिळते. एका जागी जास्त वेळ घासला तर तिथे कड खोलगट होते, म्हणून पूर्ण घेरा सारखा फिरवत राहिलो. बराच वेळ घासल्यावर खड्ड्यांच्या कडा मोडल्या आणि बोट फिरवताना अडखळायचं थांबलं. परत मार्करची शाई लावली, या वेळी नव्या झाकणाने तपासलं. खालच्या बाजूची शाईही निघाली. एक सुईच्या टोकाएवढा ठिपका राहिला, पण तो कडेच्या रुंदीच्या मधोमध आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट टेकतं, तेव्हा तिथून आरपार वाट नाही. खड्डा कडेच्या आतून बाहेरपर्यंत गेलेला असता तर घासत बसण्यात अर्थ नव्हता, नळीच बदलावी लागली असती.

कडेवर रंग लावला नाही. रंगाचा पापुद्रा पेट्रोलने सुटतो आणि गॅस्केटखाली येतो. कडेच्या खाली, नळीच्या बाहेरच्या अंगाला जिथे गंज होता तिथे मात्र, झाकण बंद करून, गंजरोधक प्रायमर दिला. गॅस्केटला ग्रीसही लावलं नाही. ग्रीसला धूळ चिकटते, आणि धूळ हीच गॅस्केटची मोठी शत्रू.

खाली वाकल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. धातूच्या नळीपासून गाडीच्या अंगाला जोडणारी अर्थची पट्टी गंजलेल्या स्क्रूखाली होती. पेट्रोल नळीतून वाहतं तेव्हा स्थिर वीज तयार होते, ती या पट्टीवाटे निघून जाते. काम झाकणाचं आहे म्हणून हे सोडून देणं मला पटलं नाही. टाकी बंद करून स्क्रू काढला, टोक आणि पत्रा दोन्ही चकचकीत केले, परत आवळलं. मल्टिमीटरने नळी ते चॅसिस जोडणी बघितली, अखंड आहे.

शेवटी पट्टा. जुन्या पट्ट्याची खुंटी झडपेच्या भोकातून क्लिप काढायच्या चपट्या पट्टीने उचकटली. पेचकसने उचकटली तर रंग खरवडतो आणि तिथून नवा गंज सुरू होतो. नवी खुंटी अंगठ्याने दाबली, टच्च बसली. झाकण फिरवताना पट्टा पीळ न घेता फिरतो का ते बघितलं. झाकण लावताना पट्टा गॅस्केटखाली सापडला की झाकण क्लिक होतं आणि तरीही गळतं. नवं झाकण लावूनही कोड परत आला तर हे आधी बघावं.

भावाला लावून दाखवलं : पट्टा बाजूला धरायचा, झाकण सरळ टेकवायचं, आधी किंचित उलट फिरवायचं म्हणजे आटे जागेवर बसतात, मग आवळायचं, टकटक होईपर्यंत. "किती वेळा?" असं त्याने विचारलं. एका गाडीत एक क्लिक पुरतो, दुसरीत तीन सांगितलेले असतात, ते झडपेच्या आतल्या बाजूला किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

१६ फेब्रुवारी

दुपारी गाडी मुद्दाम उन्हात ठेवली. वास नाही. दिवा अजून आहे आणि तो असणारच.

१८ फेब्रुवारी

भावाने काल टाकी भरली. आता गळतीची तपासणी काही दिवस होणार नाही. टाकी फार भरलेली असली तर वाफेला जागा उरत नाही, फार रिकामी असली तर मोजणीचा भरवसा राहत नाही. पुष्कळ गाड्यांत पातळी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये हवी आणि इंजिन कित्येक तास थंड झालेलं हवं. तेव्हा थांबायचं.

पंपाचा नोझल एकदा आपोआप बंद झाला की त्यानंतर आणखी पेट्रोल घालायचं नाही, हेही त्याला सांगितलं. वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात शिरतं. कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पातळ पेट्रोलने भिजला की त्याचं काम थांबतं. तो डबा झाकणासारखा सहज बदलता येत नाही.

२२ फेब्रुवारी

जुनं झाकण, आठवडाभर बाहेर वाऱ्यावर ठेवून वास पूर्ण गेल्यावर, उघडून बघितलं. मुठीखालच्या खाचा चपट्या पट्टीने सोडवल्या की वरचा भाग निघतो. रॅचेटचे प्लॅस्टिकचे दात एका बाजूने गोल झालेले, म्हणजे शंका खरी होती. आतल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तांबूस गंजलेली आणि तिच्याखालची चकती बारीक धुळीने जागेवर चिकटलेली, बोटाने ढकलल्यावरच सुटली. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असा अडकलेला असताना कॅनिस्टरची वाट कधी तुंबली असती तर टाकीला हवा मिळायचा हा दुसरा मार्गही बंदच होता. नुसतं गॅस्केट बदललं असतं तर हे कळलंच नसतं.

१ मार्च

सकाळी गाडी सुरू केली, दिवा लागला नाही. बहुतेक गाड्यांत दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दिसला की दिवा लागतो आणि सलग तीन फेऱ्यांत तपासणी पार पडली की आपला आपण जातो. रीडर लावून बघितलं : चालू कोड नाही, जुन्या नोंदीत पी०४४२ आहे. इंजिन थंड होऊन तापण्याची ४० आवर्तनं दोषाविना झाली की तीही नोंद जाईल. इंधनवाफेच्या यंत्रणेच्या तपासणीपुढे ‘पूर्ण’ असं येतंय.

१४ मार्च

आज आणखी एक काम उरकलं. व्हॉल्व्हमध्ये एवढी धूळ होती तर कॅनिस्टरच्या हवेच्या वाटेवरचा फिल्टर कसा असेल, हे मनात होतं. हौद्याखाली, चेसिसच्या आतल्या अंगाला, नळीचं टोक सापडलं. फिल्टरवर धुळीचा थर होता, पण ओला नाही आणि बंदही नाही. पुढच्या सर्व्हिसला बदलायचा म्हणून नोंदवून ठेवला.

झाकण उघडताना फुस्स आवाज हलका आणि दर वेळी सारखाच येतो. सर्व्हिसच्या वहीत इंजिन ऑइलच्या ओळीखाली नवी ओळ घातली : झाकणाचं गॅस्केट आणि नळीची कड कोरड्या फडक्याने पुसणे, वाटीचं भोक मोकळं आहे का बघणे, गॅस्केट वाकवून भेगा तपासणे.